नातीला मी कुरूप म्हटलं

माझ्या नातीला मराठी येत नाही आणि मला तिची भाषा येत नव्हती. यात दोष कोणाचा, हे मी मुलाला पुष्कळदा ऐकवलं आहे, इथं पुन्हा लिहीत नाही. तो स्पेनमध्ये कामाला गेला, तिथलीच मुलगी केली, आणि दिवसभर त्यांची भाषा बोलून घरी आल्यावर मराठी बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नाही. पोर वाढली ती आईच्या भाषेत. आता तिला दहावं लागेल. मी तिला अजून हात लावलेला नाही. एकदा साथ आली आणि विमानं बंद झाली, एकदा ह्याला रजा नव्हती, एकदा तिची शाळा आडवी आली. मी इकडं आमच्या गावी हिंगणीत, ती तिकडं, आणि मधे फोनची काच.

रविवारी फोन येतो. आमच्याकडं जेवणं आटोपलेली असतात, त्यांच्याकडं सकाळ असते. पूर्वी ती पोर काचेत यायची, "ओला आबुएला" म्हणायची, म्हणजे काय आजी, कशी आहेस. मी हात हलवायची, ती हात हलवायची, झालं. मग मुलगा मधे तोंड घालायचा. "आई, ते म्हणून राह्यली का शाळेत बरं चालू हाये." मला ह्या दुभाष्याचा राग यायचा. नात आहे ती माझी, कोर्टातली साक्ष नाही.

शेवटी सून म्हणाली, "आई, मी शिकवतो तुले." सून मराठी शिकली ती नवऱ्याकडून, त्यामुळे गड्यासारखीच बोलते. लग्नानंतर ती महिनाभर हिंगणीत राहून गेली होती, तेव्हाही "मी जेवला, मी झोपला" करत गावभर फिरायची आणि बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. ती तिकडं लहान मुलांच्या शाळेत शिकवते. म्हातारीला शिकवणं तिला जमेल असं मला वाटलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांची अक्षरं मला वाचता येत नाहीत, म्हणून सगळं तोंडी. तिनं नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. पहिल्याच रविवारी दोन बटाटे हातात घेतले, एक मोठा, एक लहान, आणि म्हणाली, हा त्याच्यापेक्षा मोठा. त्यांच्या भाषेत "मास ग्रांदे के". मास म्हणजे जास्त, ग्रांदे म्हणजे मोठा, आणि के म्हणजे आपलं पेक्षा. कमी असेल तर मासच्या जागी मेनोस. बरोबरी असेल तर तान आणि कोमो. एवढ्या चार-पाच शब्दांत जगातली कोणतीही दोन माणसं एकमेकांशेजारी उभी करता येतात. मला हे आवडलं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? ह्याची कापसाची पऱ्हाटी त्याच्यापेक्षा बरी, हिची सून तिच्या सुनेपेक्षा आळशी. ते मला आता स्पेनच्या भाषेत करायचं होतं.

एक गोष्ट उलटी वाटली. आपण म्हणतो, माझ्यापेक्षा ती उंच. ज्याच्याशी तुलना करायची तो आधी येतो. त्यांच्यात ती आधी, मग जास्त उंच, आणि मी सगळ्यांच्या मागून. सुरुवातीला मी सारखी आपल्या पद्धतीनं बोलायची आणि बटाट्यांची अदलाबदल व्हायची. मोठा-मोठी मात्र आपल्यासारखंच. माणूस आल्तो, बाई आल्ता, म्हणजे उंच. चांगल्याला आणि वाईटाला मास लागत नाही, त्यांचे शब्द निराळे, मेहोर आणि पेओर. हे लक्षात ठेवायला मला त्रास झाला नाही. चांगलं आणि वाईट आपल्या जागी बसतं, ढकलावं लागतं ते मधल्यांना.

सुनेच्या गावाला संत्री पिकतात, आणि आमच्याकडं कारंजा-आर्वीच्या पट्ट्यात पिकतात. एका रविवारी मी संत्रं सोलून तिला दाखवलं आणि म्हटलं, हे तुमच्या संत्र्यापेक्षा मास दुल्थे, जास्त गोड. ती म्हणाली, नाही, तान दुल्थे कोमो, तितकंच गोड. तिनं आमचं खाल्लं होतं म्हणून बोलू शकत होती. मी तिचं खाल्लेलं नव्हतं, तरी माघार घेतली नाही. त्यावर नातीनं आईच्या खांद्यावरून डोकं काढलं आणि काहीतरी बोलली. सून हसून म्हणाली, "ते म्हणते, आबुएला भांडतो."

त्या दिवसापासून माझी परीक्षा घ्यायचं काम नातीनं घेतलं. ती दोन वस्तू समोर धरायची. बापाचा बूट आणि आपला बूट. जाड चमचा आणि बारीक चमचा. एकदा बापालाच ओढून आणलं आणि आईशेजारी उभं केलं. मी त्याला मास गोर्दो म्हटलं, जास्त जाड. ती लोळून लोळून हसली. बोलणं म्हणावं असं ते काही नव्हतं. पण ती विचारायची, मी उत्तर द्यायची, आणि मधे कोणी नव्हतं. रविवार संपला की मी पुढच्या रविवारची वाट पाहायची. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

हिवाळ्यात ते येणार असं ठरत होतं. त्यांच्याकडं डिसेंबरात शाळेला सुट्टी असते.

माझी मोठी जाऊ भिंतीपलीकडं राहते. दोन्ही घरांचं अंगण एकच. आमच्या घरातलं बोलणं तिला ऐकावं लागत नाही, ते तिच्याकडं आपोआप जातं. फोन आला की ती सूप घेऊन येऊन बसायची आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची.

"काय वं, सारखं मास मास काय करून राह्यली? घरात तुळस हाये."

"मास म्हणजे जास्त होते, बाई, त्याइच्यात."

"मंग जास्त म्हण ना. त्याले काय कर लागते?"

आता ज्या गोष्टीमुळे सगळं बिघडलं ती सांगते. आमच्याकडं लेकराची तोंडावर तारीफ करत नाहीत. शहाणं माणूस करत नाही. गुटगुटीत पोर दिसलं की म्हणायचं, काय वाळलं हे, खायला देत नाही का. गोरं असलं तर काळं ठिक्कर म्हणायचं. आईलाही ते समजतं, ती हसते, कारण बोलणाऱ्यानं पोराचं भलं केलेलं असतं. मूल जगावं म्हणून पूर्वी नावंसुद्धा दगडधोंड्यांची ठेवायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या पोराशेजारी ठेवून आपलं चांगलं म्हणणं. ते तर नजर बोलावून आणणंच झालं.

मार्चमध्ये त्यांच्या गावी मोठा सण असतो. त्या दिवशी फोन आला तेव्हा नात काचेत मावत नव्हती. रेशमी घेरदार घागरा, खांद्यावर जाळीची ओढणी, केसांचे दोन्ही कानांवर चक्रासारखे अंबाडे आणि त्यात सोनेरी कंगवे. शेजारी तिच्याच वयाची मैत्रीण, तीही तशीच नटलेली. पण माझ्या नातीपुढं ती काहीच नव्हती. हे मी आज लिहिते आहे. नातीनं कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, आमच्यात जास्त ग्वापा कोण? ग्वापा म्हणजे देखणी.

दुसरीशेजारी उभी राहून, एवढी नटून, चारचौघांसमोर ही विचारते आहे. तिच्या कपाळाला काळा ठिपका नाही की काही नाही. माझ्या शेजारी जाऊ बसलेली. मी मनात एकेक शब्द त्यांच्या रांगेनं लावला आणि खणखणीत सांगितलं, तू तुझ्या मैत्रिणीपेक्षा मेनोस ग्वापा. तू मास फेआ, मास फ्लाका. म्हणजे कमी देखणी, जास्त कुरूप, जास्त हडकुळी. एकही शब्द चुकला नाही. इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच बोलले होते. आता सून शाबासकी देईल म्हणून मी थांबले.

मैत्रीण हसली. नातीचा चेहरा मी पाहिला, मग काचेत नुसती भिंत दिसत होती. तेवढ्यात फोन बंद झाला.

"का झालं?" जावेनं विचारलं.

"नजर काढली पोरीची."

"बरं केलं," ती म्हणाली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. इतका चिडलेला मी त्याला तो बारावीत नापास झाला तेव्हाही पाहिला नव्हता.

"आई, काय बोलली तू तिले? सणाच्या दिवशी! मैत्रिणीसमोर!"

"काय वाईट बोलली? तुले नाई का म्हणत होतो आम्ही? काळ्या म्हणे तुले सारं गाव."

"मी हिंगणीत होतो. ते तिथं वाढून राह्यली. तिले काय समजते नजर न् फजर?"

"मंग समजावून सांग ना बापा."

"आता काय सांगू? घागरा काढून फेकला तिनं. म्हणते, मी इंडियात नाई जात. आबुएलाले मी आवडत नाई."

त्यानंतरचे रविवार मुलगा एकटाच बोलायचा. शेतीचं विचारायचा, गुडघ्याचं विचारायचा. मागं कधी दाराचा आवाज यायचा, कधी तिच्या पायांचा. मी बोलत राहायची आणि कान तिकडं. एकदा तिचं हसणं ऐकू आलं, दुसऱ्या खोलीतलं, दुसऱ्याच कशावर तरी. तेवढं त्या आठवड्याला पुरलं. डिसेंबरचं विचारलं तर तो म्हणायचा, "मी येईन ना, आई." मी येईन. आम्ही नाही.

उन्हाळा तापला. दुपारी बोर धरणाकडून येणारा वारासुद्धा चुलीतून आल्यासारखा. वस्तू दिसल्या की माझ्या तोंडात आपोआप शब्द यायचे. हा माठ त्या माठापेक्षा मेनोस थंड. जाऊ माझ्यापेक्षा मास जाड. पण विचारणारी नव्हती, तर ते शब्द तोंडातच राहून जायचे. रिकाम्या घरात बाई एकटी बोलू लागली की लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे.

मे महिन्यात एका दुपारी, रविवार नसताना, सुनेचा फोन आला. ती एकटी होती. शाळेच्या पायऱ्यांवर बसलेली दिसत होती. का असं बोलले, हे तिनं एकाच शब्दात विचारलं.

"आई, काऊन?"

नजर म्हणजे काय ते सांगायला माझ्याकडं त्यांचे शब्द नव्हते, आणि मराठीत सांगितलं असतं तर तिला निम्मं कळलं नसतं. मुलाला बोलव म्हणावंसं वाटलं नाही. माझ्याकडं होते ते बटाट्याचे आणि बुटांचे शब्द. त्याच शब्दांत मी सांगितलं.

मी म्हटलं, "मी इहा", म्हणजे माझी मुलगी. ह्या मुलाच्या आधीची. पेकेन्या, लहान. मास गोर्दा, सगळ्या लेकरांपेक्षा जाड. मग एक बाई आली, हे सांगायला मी हातानं पदर डोक्यावरून घेऊन दाखवला. ती सेलूच्या बाजारातून परतताना पाणी प्यायला थांबलेली बाई होती. तिनं पोरीला उचललं आणि म्हणाली, माझ्या नातवापेक्षा दुप्पट आहे की हो ही. हे मी मास आणि के लावून सांगितलं. पुढचं सांगायला माझ्याकडं उद्याचा शब्द होता, मान्याना. उद्या शाळा आहे म्हणून नात कुरकुरायची, त्यातून तो कळला होता. मी म्हटलं, मान्याना, मेनोस. मान्याना, मेनोस. मान्याना, नो.

उद्या कमी. उद्या कमी. उद्या नाही.

पोर तापानं गेली. डॉक्टर लवकर मिळाला असता तर राहिली असती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. त्या बाईच्या बोलण्यानं ताप येत नाही. पण त्यानंतर मी कोणत्याही लेकराला, माझ्या मुलालासुद्धा, कोणापेक्षा चांगलं म्हटलं नाही. एकदाही नाही. जीभ वळत नाही.

सून रडली. मी रडले नाही, मला त्याची सवय जुनी आहे. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी सांगतो तिले." मी म्हटलं, सांग.

तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. पुढच्या रविवारी नात काचेत आली. ओला म्हणाली नाही. हात छातीशी बांधून उभी राहिली, भुवया जुळलेल्या. दोन-अडीच महिन्यांत तिचं तोंड लांबट झालं होतं. लहानपणीचे गाल गेले होते. ते जाताना मी पाहायला नव्हते. तिनं आईला काहीतरी विचारलं. आईनं नवऱ्याला बोलावलं, कारण ते सांगणं तिच्या मराठीबाहेरचं होतं.

मुलगा म्हणाला, "आई, ते विचारते, ते नजर जे हाये ना तुमच्या गावातली, तिले स्पॅनिश समजते का?"

मी जावेकडं पाहिलं. जाऊ तांदूळ निवडत होती. इतके दिवस हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिकडची भाषा शिकले आणि तिच्यातून इकडचंच बोलत राहिले.

"नाई," मी म्हटलं. "इथं कोणालेच समजत नाई."

त्यानं तिला सांगितलं. तिनं हात सोडले. आणि तशीच उभी राहिली, वाट पाहत.

मला घाम आला. ऊन होतंच, पण हा निराळा. अंगणात बसून, उघड्या तोंडानं, जाऊ दोन हातांवर असताना, मी म्हटलं, तू ला मास ग्वापा. दे तोदास. सगळ्यांत देखणी. तुझ्या मैत्रिणीपेक्षा, तुझ्या आईपेक्षा, माझ्यापेक्षा. आवाज माझा बारीक झाला होता. तिनं हाताचा द्रोण करून कानाला लावला, म्हणजे पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

"का म्हणली?" जावेनं विचारलं.

"म्हटलं, नकटी हाये."

"हाये तं खरीच," जाऊ म्हणाली.

तिकडं मुलगा हसत सुटला. मग हसणं आवरून म्हणाला, "मले तं मराठीतच नकटा म्हणे तू. दुसरी भाषा नव्हती वाटते तवा."

"तवा नव्हती," मी म्हटलं.

त्याला कोणत्या भाषेत काय सांगायचं राहिलं आहे ते मला माहीत आहे, पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते फोनवर सांगत नाहीत. समोर बसवून, ताट वाढून सांगतात.

त्यानंतर नात पुन्हा रविवारी येऊ लागली. परीक्षा पुन्हा सुरू झाली, पण बूट-चमच्यांची नाही. तिला आता स्वतःशेजारी उभी करायला माणसं हवी होती. मी आधी त्यांच्या भाषेत तिची तारीफ करायची, मग जावेसाठी मराठीत दोन शिव्या घालायची, आणि दोन्ही ऐकून ती खूष व्हायची. मराठी शिव्या तिनं उचलल्यासुद्धा. मरतुकडी हा तिचा पहिला मराठी शब्द. मुलाला हे फारसं पसंत नाही.

मागच्या रविवारी तिनं विचारलं, मी तुझ्यापेक्षा आल्ता आहे का? उंच आहे का?

मी काचेत पाहिलं. ती फोनपासून दूर गेली, तर माझ्या बोटाएवढी झाली. जवळ आली, तर तिचं कपाळच मावेना. मी उभी राहून दाखवलं, जावेनं फोन धरला, तर तिला म्हणे माझं पोट आणि मागचा गोठा दिसला. मुलगा म्हणाला, "आई, टेपनं मोज ना. मी तिची सांगतो, तू तुझी सांग." मी नाही म्हटलं. टेपनं कापड मोजतात. आपण लेकरांची उंची पाहतो ती पाठीला पाठ लावून, टाचा टेकवून, आणि तिसऱ्यानं डोक्यावरून हात सपाट फिरवून. त्यात तिचे केस माझ्या मानेला लागले पाहिजेत.

ती वाट पाहत होती. तुलनेचं सगळं मला येत होतं, पण ये म्हणायला त्यांच्यात काय म्हणतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

"येजो," मी म्हटलं. "येजो, मंग पाहू."

सुनेनं तिला अर्थ सांगितला. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, सी. हो.

मी मुलाला म्हटलं, "हिले ह्याच थंडीत आण."

"पाहतो, आई. तिकिटं पाहा लागतीन, रजा पाहा लागन. नाई जमलं तं पुढच्या वर्षी पक्कं."

"पुढच्या वर्षी नाई. ते वाढून राह्यली न् मी वाकून राह्यली. पुढच्या वर्षी मले मान वर करून पाहा लागन तिच्याकडं, न् मान माही वर होत नाई."

नात बापाची बाही ओढत होती, आजी काय म्हणाली ते सांग म्हणून. त्यानं सांगितलं असावं, कारण ती काचेच्या अगदी जवळ आली, दोन्ही गुडघे वाकवले, डोकं खांद्यांत घातलं आणि होती त्यापेक्षा बुटकी होऊन तशीच उभी राहिली.